पॅटर्नशिवाय गोधडी: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

मामी: सई काय सुंदर झालीये गं गोधडी 😍 पॅटर्न कुठला? मला पण पाठव ना

सई: मामी पॅटर्न नाहीच घेतला, कपडे समोर पसरले आणि तिथूनच ठरवत गेले. पॅटर्नमध्ये सगळं दुसऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, आपण नुसतं कापायचं नि जोडायचं, मला त्यात मजाच येत नाही

वहिनी: पण मोजमाप? मला तर पॅटर्न नसेल तर कात्री लावायलाच भीती वाटते

सई: वहिनी एकच गोष्ट पक्की धरायची, शिलाईची मार्जिन सगळीकडे पाव इंच. म्हणजे शिवून ४ इंचाचा चौकोन हवा तर साडेचारचा कापायचा. बाकी ग्राफ पेपरवर रंगीत पेन्सिलने हवं ते काढून बघ. फक्त त्रिकोण जपून, तिरकी बाजू उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरपी) येते आणि हात लावला की ताणते

मामी: आणि रंग? माझं घोडं तिथेच अडतं

सई: मामी रंगापेक्षा फिकं-गडद बघ. तुकडे जमिनीवर मांडायचे, फोटो काढायचा आणि ब्लॅक अँड व्हाइट करायचा. लाल-हिरवा डोळ्यांना एकदम वेगळे वाटतात पण फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर लांबून डिझाइन उठतच नाही, मग मधे एखादा फिकट घालायचा. माझ्या गोधडीतली ती पिवळट पट्टी अशीच आली, ती काढली तर सगळं निळं एकात एक मिसळतं

काका: नवशिक्याने आधी पॅटर्नच धरावा असं माझं मत

सई: काका पॅटर्नवरून एखादा ब्लॉक, म्हणजे गोधडीचा एक चौकोनी भाग, शिवावा की, हात बसतो. पण अमेरिकेत अलाबामात जीज बेंड म्हणून गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालायचे जुने कपडे, जीन्स फाडून मनाने गोधड्या रचायच्या. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लागल्या, २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली! नक्की बघा, रेघा सरळ नाहीत तरी नजर हटत नाही

वहिनी: माझ्याकडे जुने शर्ट खूप आहेत, सुरुवात कुठून करू?

सई: जीज बेंडच्या बायकांसारखीच कर, मधे एक चौकोन आणि चारी बाजूंनी पट्ट्या वाढवत जायच्या, पट्टी कमी पडली तर दुसरी जोडायची. शर्टाच्या पाठीला सलग कापड सगळ्यात जास्त मिळतं, आधी ती काप