दवाखान्याच्या रजिस्टरात तेच नाव पुन्हा पुन्हा

जो सारखा कंपनीच्या दवाखान्यात जातो तोच पुढे सिक लिव्ह टाकतो, म्हणून अशांवर एचआरने नजर ठेवावी, असं वर एकांनी लिहिलंय. पहिली गोष्ट खरी असेलही, पण त्यातून काढलेला अर्थ मला अजिबात पटत नाही.

भोसरीत प्रेस शॉपला (पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात) होतो तेव्हा शेजारच्या मशीनवरचा एक जण दर आठवड्याला सिस्टरकडे जायचा. कंबरेवर स्प्रे मारून घ्यायचा, दहा मिनिटं टेकायचा की परत लाइनवर. सुपरवायझर म्हणायचा, "नाटकं आहेत." सहा महिन्यांनी एका सकाळी तो वाकला तो सरळच होईना. रजिस्टरात त्याच्या नावापुढे तीच तक्रार पानोपान होती. कुणीतरी ती वाचून त्याची मालाची पेटी हातभर उंच ठेवून दिली असती तर!

आणि ही रजा फुकटची नसते हो. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, आजारपणाचा लाभ मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे तो हौसेने एवढं सोडत नाही. म्हणून तर आधी स्प्रेवर दिवस ढकलतो.

नजर ठेवायचीच तर मशीनवर ठेवा. कुठल्या लाइनवरून, कुठल्या शिफ्टला माणसं येतात एवढंच डॉक्टरांनी दर महिन्याला कळवावं. कुणाला काय झालंय ते एचआरच्या टेबलावर गेलं, तर लोक सिस्टरकडे जाणंच बंद करतील.