शालेय बास्केटबॉलमध्ये ‘झिरो स्टेप’ नको, असे माझे मत आहे

अंत्रूजकर (धागाकर्ता)

फोंडा तालुक्यात बावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवून मी निवृत्त झालो आहे. बोलावले की अजूनही सामन्यांना जातो आणि न बोलावता मतही देतो, म्हणून हा धागा.

गेल्या महिन्यात चौदा वर्षांखालील मुलींचा एक आंतरशालेय सामना पाहत होतो. शेवटचे मिनिट चालू होते आणि एका गुणाने मागे असलेल्या संघाची मुलगी उजव्या बाजूने ड्रिबल करत, म्हणजे चेंडू एका हाताने आपटत, एकटीच बास्केटकडे निघाली. फ्री थ्रोच्या रेषेच्या थोडे आत, डावा पाय जमिनीवर असतानाच, तिने चेंडू दोन्ही हातांत घेतला. मग उजवा पाय, मग पुन्हा डावा, आणि उडी. चेंडू बोर्डाला लागून जाळीत गेला, पण तोवर शिट्टी वाजली होती. पंचांनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू धरून जास्त पावले टाकल्याची, खूण केली, बास्केट रद्द झाली आणि चेंडू समोरच्या संघाला थ्रो-इनसाठी मिळाला. त्यानंतर पालकांमध्ये जे सुरू झाले त्यापुढे शिगम्याचे ढोल कमी पडले असते. अर्धे म्हणत होते दोन पावले, अर्धे म्हणत होते तीन. मी स्वतः तीन मोजली होती. सामना संपल्यावर कोर्टावर साचलेल्या तांबड्या धुळीत ठसे मिळतात का, म्हणून वाकून पाहिलेही; पण त्या जागेवरून दहा मुली चाळीस मिनिटे धावल्या होत्या, तिथे कुणाचा ठसा कुणाला लावणार?

एका तरुण पालकाने मला मोबाइलवर एनबीएची चित्रफीत दाखवून सांगितले की चेंडू घेताना जमिनीवर असलेला पाय हल्ली मोजतच नाहीत, त्याला ‘झिरो स्टेप’ म्हणतात. असेल. परंतु तो अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंचा खेळ झाला. आमच्या मुलांना मी वर्षानुवर्षे शिकवले ते असे, की चेंडू हातात आला तेव्हा जो पाय टेकलेला असेल तेच पहिले पाऊल. हे दहा वर्षांच्या मुलालाही समजते आणि एका शिट्टीवर सामना सांभाळणाऱ्या पंचालाही. चेंडू ‘ताब्यात’ नेमका कोणत्या क्षणी आला, हा वकिली प्रश्न शालेय मैदानावर आणला की तिसरे पाऊल आपोआप चौथे होते. म्हणून तालुका पातळीपर्यंत जुनी मोजणीच ठेवावी, असे मला वाटते.

शिट्टीवाला

सर, मी पंच आहे, त्या सामन्याचा मात्र नव्हे. आपला मान राखून पूर्ण असहमती नोंदवतो.

प्रथम एक दुरुस्ती. हा केवळ एनबीएचा नियम नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, तो १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू केला आहे आणि आपल्याकडील सामने फिबाच्याच नियमांनी खेळले जातात. एनबीएने ‘गॅदर’ची, म्हणजे चेंडू ताब्यात घेण्याच्या क्षणाची, व्याख्या आपल्या नियमपुस्तकात स्पष्ट केली ती त्यानंतर, २०१९ मध्ये. फिबाचा नियम सांगतो की पळता पळता चेंडू झेलणारा किंवा ड्रिबल संपवणारा खेळाडू थांबण्यासाठी, पास देण्यासाठी किंवा शॉट घेण्यासाठी दोन पावले टाकू शकतो, आणि पहिले पाऊल म्हणजे चेंडू ताब्यात आल्यानंतर जमिनीला लागलेला पाय. ‘आल्यानंतर’ या एका शब्दात सगळे आले. आपणच लिहिले आहे की चेंडू हातात आला तेव्हा डावा पाय आधीच टेकलेला होता. मग उजवा एक, डावा दोन, आणि उडी. आपल्या वर्णनावर विसंबायचे तर ती बास्केट वैध होती आणि त्या मुलीचे दोन गुण गेले. आपण तीन मोजलीत हे बरोबरच आहे. प्रश्न मोजणी कुठून सुरू केली हा आहे.

दुसरे, या सवलतीत नवे असे फारसे काही नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत तेरा नियम लिहिले, तेव्हा ड्रिबल हा प्रकारच नव्हता. चेंडू जिथे झेलला तिथूनच फेकायचा होता. तरीही त्याच नियमात त्यांनी वेगात धावत झेलणाऱ्याला, तो थांबायचा प्रयत्न करत असेल तर, मुभा ठेवली होती. धावणारे शरीर खिळा ठोकल्यासारखे जागीच उभे राहत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते.

आणि तालुक्यात एक नियम, राज्यात दुसरा, असे केले तर चौदाव्या वर्षापर्यंत घोटवलेले पंधराव्या वर्षी विसरायला लावावे लागेल. ले-अपची, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळ उडी मारून चेंडू टाकण्याची, लय एकदा पायांत बसली की सहजी सुटत नाही, हे आपल्याला मी काय सांगावे.

कोर्टाबाहेरची आई

मी त्याच मुलीच्या संघातील दुसऱ्या एका मुलीची आई आहे. नियमाचे ज्ञान मला नाही, पण अंत्रूजकर सरांचा मुद्दा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. शाळेतले सर सांगतात ‘टेकलेला पाय धरून दोन’, सुट्टीतल्या शिबिरात सांगतात ‘टेकलेला पाय सोडून दोन’, आणि पंच ज्या शिट्टीवर वाढले ती वाजवतात. माझी मुलगी हल्ली ले-अप घेतच नाही. बास्केटजवळ पोचली की थांबते आणि मागे पास देते. नियम कोणता बरोबर हे शिट्टीवाल्यांनी ठरवावे, परंतु एका मोसमात एकच शिकवावा. शिट्टीवाल्यांना विचारते, सामन्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून पाच मिनिटे हे सांगायला काय हरकत आहे?

शिट्टीवाला

काहीच हरकत नाही, आणि मी ते करतो. मात्र आपल्या मुलीला एक सांगा, कारण ती थांबते म्हणून पिव्हटचा, म्हणजे चेंडू धरून फिरताना जो पाय जागेवर टेकलेला ठेवायचा त्याचा, भाग तिच्या उपयोगी पडेल. पहिल्या पावलावर दोन्ही पाय एकदम टेकवून थांबली तर कोणताही पाय पिव्हट करता येतो. त्यानंतर पास किंवा शॉटसाठी पिव्हट उचलायला मुभा आहे, फक्त चेंडू हातातून सुटेपर्यंत कोणताही पाय परत टेकता कामा नये. अजून ड्रिबल केलेला नसेल आणि तिथून सुरू करायचा असेल, तर मात्र चेंडू आधी सुटला पाहिजे, पिव्हट नंतर. शालेय सामन्यांत माझ्या निम्म्याहून अधिक शिट्ट्या इथेच वाजतात, झिरो स्टेपवर नव्हे. मुले चेंडू घेऊन उभी असतात, समोरचा अंगावर येतो, आणि निघायच्या घाईत पाय चेंडूच्या आधी उचलला जातो.

म्हापशाचा गार्ड

मी महाविद्यालयात खेळतो. माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे: पायांवर एवढा काथ्याकूट चालला आहे, परंतु खरी लबाडी हातात होते आणि तिकडे कुणाचे लक्ष नसते. आमच्या इथे संध्याकाळी जी मुले खेळायला येतात, त्यांच्यातला प्रत्येक जण ड्रिबल करता करता चेंडू कमरेच्या उंचीवर तळव्यात ठेवतो, बचाव करणारा एका बाजूला झुकेपर्यंत वाट पाहतो आणि पुन्हा ड्रिबल सुरू करतो. अंत्रूजकर सर, तुमच्या जुन्या मोजणीने याचे काय होणार? आधी हे थांबवा. शिट्टीवाले, तुम्हीही सांगा, या मोसमात किती वेळा ही शिट्टी वाजवली?

शिट्टीवाला

हवी तितकी नाही, हे मान्य करतो. पण आपण ज्याला पायांपासून वेगळे म्हणता ते वेगळे नाही. ड्रिबल संपतो तो दोन प्रकारे: दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले तर, किंवा चेंडू एका अथवा दोन्ही हातांत स्थिरावला तर. तळव्यात क्षणभर विसावलेला चेंडू म्हणजे संपलेला ड्रिबल. पुन्हा आपटला की दुसरा ड्रिबल, म्हणजे चूक, आणि पावले मोजायची तर तीही त्याच क्षणापासून. हात चेंडूच्या कडेला गेला एवढ्यावरून फिबाच्या नियमात चूक ठरत नाही, चेंडू विसावला का ते पाहावे लागते. चेंडू हाताला लागलेला नसताना मात्र कितीही पावले टाकावीत, त्याला मर्यादा नाही. म्हणून उंच ड्रिबल करत लांब ढांगा टाकणाऱ्या मुलावर प्रेक्षक ओरडले तरी माझी शिट्टी खिशात राहते. तसेच चेंडू झेलताना हातातून निसटला आणि पुन्हा पकडला, तर तो ड्रिबल धरत नाहीत.

अंत्रूजकर सर, म्हणूनच आपल्या प्रस्तावाने वाद मिटत नाही. ‘चेंडू हातात आला तेव्हा टेकलेला पाय पहिला’ म्हटले तरी चेंडू हातात कधी आला हे पंचाला पाहावेच लागणार. वकिली प्रश्न तसाच उरतो, फक्त मुलांचे एक पाऊल कमी होते.

अंत्रूजकर

शेवटच्या परिच्छेदाने मला रात्रभर जागवले, हे कबूल करतो. माझी मोजणीही त्याच क्षणावर टांगलेली आहे, हे मी बावीस वर्षांत पाहिले नव्हते. ‘पंचाला सोपे पडते’ हा मुद्दा मी मागे घेतो.

मुलांना सोपे पडते, हा मात्र घेत नाही. काल संध्याकाळी शेजारच्या सिमेंटच्या कोर्टावर चिऱ्याची भुकटी पातळ पसरली आणि सहावी-सातवीच्या मुलांना एकेक करून ले-अप घ्यायला लावले. भुकटीत पाय स्वच्छ उमटतात. प्रत्येकाच्या मागे झाडू फिरवून पुढच्याला सोडायचे. अकरा मुलांपैकी सात जणांचे ठसे शिट्टीवाल्यांच्या मोजणीत बसले, माझ्या मोजणीत तिघांचेच. परंतु ज्यांना ‘शून्य, एक, दोन’ असे मोठ्याने म्हणायला सांगितले, त्यांतली बरीचशी मुले ‘शून्य’ म्हणतानाच आणखी एक पाय टाकून मोकळी झाली. बावळटपणा नव्हे तो. शून्य म्हणजे फुकट, असेच त्यांना वाटते. त्यामुळे नियम फिबाचाच ठेवावा, पण हा शब्द चौदा वर्षांखालच्या मुलांसमोर उच्चारू नये, आणि मोजणी ‘चेंडू, एक, दोन’ अशी शिकवावी, एवढ्यावर मी आलो आहे. एनबीएच्या चित्रफितींबद्दल माझे मत तेच आहे.

एक शंका राहते. भुकटीवर एक मुलगा चेंडू धरूनच घसरला, हातभर सरकला आणि चेंडू न सोडता उठून उभा राहिला. मी शिट्टी वाजवली आणि घसरण्याबद्दल ट्रॅव्हलिंग दिले. बरोबर केले ना?

शिट्टीवाला

शिट्टी बरोबर, कारण चुकीचे. चेंडू धरून पडणे आणि त्या ओघात घसरणे वैध आहे. चेंडू हातात ठेवून उठू लागला, तिथे ट्रॅव्हलिंग झाले. जूनमध्ये उघड्या कोर्टावर ही शिट्टी सगळ्यात जास्त लागते. बसल्या जागेवरून पास द्यायला शिकवा. आणि रविवारी भुकटी पसरणार असाल तर कळवा, मी डिचोलीहून येतो. म्हापशाच्या गार्डनेही यावे, हातांचे ठसे कुठे उमटवायचे ते तेव्हा पाहू.