रक्तातला युरिया अन् पोत्यातला युरिया एकच काय?

पऱ्हाटीवाला, दारव्हा : बाबाच्या रिपोर्टात ‘ब्लड युरिया ६८’ आला. पऱ्हाटीले टाकतो तोच काय हा? बाबानं चार वर्सापासून खताच्या पोत्याले हात नाही लावला. माय म्हणते, तुरीचं वरणच बंद करा.

लॅबवाला : रेणू तोच, पण पोत्यातून नाही आला. वरणातलं प्रोटीन पचलं की अमिनो आम्लं होतात. लागतील तेवढी शरीर वापरते. उरलेली चरबीसारखी साठवता येत नाहीत, मंग त्यातला नायट्रोजन काढून राहिलेला सांगाडा जाळते, नाहीतर त्याची साखर-चरबी करते. नायट्रोजनचा होते अमोनिया, तो मेंदूले घातक. म्हणून लिव्हर त्याचा युरिया बनवते अन् किडनी लघवीतून फेकते. क्रेब्स आणि हेन्सेलाइट या शास्त्रज्ञांनी अमोनियाचा युरिया होण्याचं हे चक्र १९३२ मध्ये मांडलं.

सिस्टरताई : पाणी कमी पडलं तरी युरिया चढतो. क्रिएटिनिन किती? किडनीचं काम दाखवणारा रक्तातला दुसरा आकडा.

पऱ्हाटीवाला : १.१. बाबा दोन दिवस वावरात होते, भर मे महिन्यात. पाण्याची कॅन घरीच राहिली होती.

सिस्टरताई : क्रिएटिनिन तर ठीकच दिसते. मंग आधी पाणी, अन् डॉक्टरले इचारून पुन्हा तपासा. तोवर मायले सांगा, वरण राहू द्या.