घरगुती टंबलर: ड्रमचे फेरे किती ठेवावेत? अकीकावर चंद्रकोरी उमटतायत

दगडधोंडे:
नमस्कार मंडळी. दगड घासून गुळगुळीत करणारं टंबलर यंत्र घरी बनवतोय. १६० मिमी पीव्हीसी पाइपचा २०० मिमी लांब ड्रम केलाय, आतला व्यास १५० च्या आसपास. १२ मिमीच्या शाफ्टवर रबरी नळी चढवून रोलर २० मिमीचा झालाय. मोटर पाव एचपी, १४४० आरपीएम. मोटरवर ७५ मिमीची पुली, शाफ्टवर १५० ची, मध्ये 'ए' सेक्शनचा (ठरावीक जाडीचा) पट्टा. माल प्रवरेच्या पात्रातला: अकीक आणि थोडा जास्पर. ड्रम अर्धा भरलाय. ८० ग्रिटचे (घासायची जाडसर पूड) सात दिवस झाले. कडा गोल झाल्या, पण अकीकाच्या अंगावर नख टोचल्यासारख्या बारीक चंद्रकोरी उमटल्यात. आवाजही खडखडाटी आहे. ग्रिट बदलू की वेग? फॅनचा रेग्युलेटर लावला तर चालेल का?

पट्टापुली:
ग्रिटला हात लावू नका, वेग दुपटीहून जास्त आहे. हिशेब असा:

शाफ्टचे फेरे: १४४० × ७५ ÷ १५० = ७२०
ड्रमचे फेरे: ७२० × २० ÷ १६० = ९०

ज्या वेगाला दगड भिंतीला चिकटून ड्रमबरोबर नुसते गरगरत राहतात, पडतच नाहीत, तो वेग म्हणजे ४२.३ भागिले आतल्या व्यासाचं (मीटरमध्ये) वर्गमूळ. तुमच्या ०.१५ मीटरला तो १०९ येतो. ९० म्हणजे त्याच्या ८३ टक्के. एवढ्यावर दगड जवळजवळ माथ्यापर्यंत चढतात आणि तिथून सुटून खालच्या दगडांवर आदळतात. चंद्रकोर ही त्या आदळण्याची खूण. ती वरवरची नसते, तडा आत गेलेला असतो.

टंबलरला या वेगाचा तिसरा हिस्सा ते ४० टक्के पुरे. तुमच्यासाठी ३६ ते ४४ फेरे. ड्रम लहान असेल तर आकडा वाढतो: आतून १० सेंमी असेल तर ४५ ते ५३. म्हणून दुसऱ्याच्या मशीनचा आरपीएम उचलून आपल्याला लावू नये.

मोटरवर ५० ची आणि शाफ्टवर २५० ची पुली टाका, बरोबर ३६ येतील.

रेग्युलेटर अजिबात नको. इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर आणि पोलवर (आतल्या चुंबकीय ध्रुवांच्या संख्येवर) ठरतो. व्होल्टेज कमी केलं की आधी जोर जातो, मग मोटर तापते. आठवडाभर अखंड चालणाऱ्या यंत्राला तो खेळ परवडत नाही.

चकमक:
हिशेब बरोबर, पण 'ए' सेक्शनचा पट्टा ५० च्या पुलीवर घालू नका हो. त्याला किमान ७५ ची पुली लागते. त्याहून लहान पुलीवर तो नीट वळत नाही, घसरतो, तापतो, आणि महिन्याभरात आतल्या बाजूने चिरा पडतात. ५०-२५० च करायचं असेल तर 'झेड' सेक्शनचा पातळ पट्टा आणि त्याच खाचेच्या पुल्या घ्या.

याहून स्वस्त मार्ग: ७५ ची पुली आणि 'ए' पट्टा आहे तसाच राहू द्या (लांबी अर्थात वाढेल). शाफ्टवर ३०० ची पुली बसवा आणि जाड रबरी नळीऐवजी २ मिमी भिंतीची नळी चढवा. रोलर १६ मिमीचा होईल. १४४० × ७५ ÷ ३०० = ३६०, आणि ३६० × १६ ÷ १६० = ३६. बिडाची ३०० ची पुली जड आणि महाग पडते. १८ मिमी प्लायवूडची चकती कापून खाच पाडलेली चालते, फक्त मधलं भोक नेमकं केंद्रात हवं.

दोन गोष्टी सांभाळा. एक, मोटर आणि शाफ्टमधलं अंतर ३५० मिमी तरी ठेवा, नाहीतर लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी पडते. दुसरी, दोन्ही रोलरच्या केंद्रांतलं अंतर आता ८८ मिमी करा (८० अधिक ८). म्हणजे ड्रम आणि दोन रोलर यांचा समभुज त्रिकोण होतो. रोलर फार जवळ आले तर ड्रम उडी मारतो, फार लांब गेले तर बेअरिंगवर उगाच भार येतो.

दगडधोंडे:
खडूची रेघ ओढून भरल्या ड्रमचे फेरे मोजले. मिनिटाला ८७ भरले, ९० नाही. घसरण होतेय का? आणि वेग कमी केला तर काम किती लांबेल?

चकमक:
तीन फेरे इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही, रबर थोडं दबतंच. दहा-बारा कमी भरले असते तर ड्रमच्या अंगावरचं पाणी किंवा तेल पुसा म्हटलं असतं. मोजणी नेहमी भरल्या ड्रमवरच करायची, हे बरोबर केलंत.

काम लांबेल, पण वाटतं तितकं नाही. आदळण्याने दगड झिजत नाही, फुटतो. झीज होते ती दगड एकमेकांवरून घसरत उतरतात आणि मधे ग्रिट असतं तेव्हा.

सळसळ:
सूत्राच्या पुढची एक गोष्ट राहिली. पीव्हीसी आतून गुळगुळीत. ३६ फेऱ्यांवर दगडांचा अख्खा ढीग वर चढायच्या ऐवजी तळाशीच घसरत बसू शकतो. मग दगडांना सपाट चट्टे पडतात आणि ग्रिट आठवड्यानंतरही खरखरीत राहतं. उपाय: आतून टायरच्या जुन्या ट्यूबचं अस्तर चिकटवा. आडव्या पट्ट्या ठोकू नका. त्या दगडांना उचलून वर नेतात, म्हणजे वेग कमी करूनही आदळणं तसंच.

एका टोकाला बूच म्हणून १० मिमी ॲक्रिलिकची चकती लावली तर सगळं डोळ्यांनी दिसतं. दगडांचा पृष्ठभाग ३५ ते ४५ अंशांत तिरका उभा राहायला हवा आणि वरचा थर त्यावरून सरकत खाली यायला हवा. एकही दगड हवेत सुटता कामा नये. चकती नसेल तर कान लावा: सलग सळसळ हवी. सुटेसुटे 'टक्, टक्' ऐकू आले तर वेग जास्त किंवा माल कमी. काहीच ऐकू येत नसेल, नुसती घरघर असेल, तर ढीग घसरतोय.

आणि अर्धा ड्रम कमीच. दोन तृतीयांश भरा. तुमच्या ड्रमला ते साधारण साडेतीन किलो दगड. मोठे-लहान मिसळलेले हवेत, सगळे लिंबाएवढे नकोत. पाणी वरच्या थराच्या जरा खालीच. ८० चं ग्रिट (सिलिकॉन कार्बाइड) दगडांच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३५० ग्रॅम. सुरुवातीचे काही तास पाणी पातळ असतं म्हणून आवाज जास्तच येतो. गाळ दाट झाला की आवाज बसतो, तेवढ्यावरून घाबरून वेग हलवू नका.

पट्टापुली:
पॉलिशच्या फेरीला वेग आणखी कमी हवा असं वाटेल, पण पुल्या बदलत बसू नका. ड्रम पाऊण भरा. कमी पडेल तो भाग प्लास्टिकच्या दाण्याने किंवा सिरॅमिकच्या गोळ्यांनी. मोल्डिंगचा एचडीपीई दाणा पाण्यावर तरंगतो, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं.

चंद्रकोरी पडलेले दगड ५०० च्या बारीक ग्रिटला नेऊन सुधारणार नाहीत. त्यांना परत ८० वरच टाका, तडा झिजून जाईपर्यंत. दर आठवड्याला ड्रम उघडून एक-दोन दगड धुऊन, पूर्ण वाळवून उन्हात बघा. ओल्या दगडावर तडा दिसत नाही. गाळ मोरीत ओतू नका, पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो.