मालिकेतल्या गुप्तहेराचा शेवट कसा करावा?

कोरा_कागद: दिवाळी अंकांतल्या हेरकथांच्या नायकाला आता निरोप द्यायचा आहे. मारावा की निवृत्त करावा? पुढेमागे परत आणावासा वाटला, तर वाट कशी राखावी? निवेदन नायकाचंच आहे.

शाईदौत: मृत्यू कोण बघतं, त्यावर सगळं ठरतं. कॉनन डॉईलनी डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला रायखेनबाख धबधब्यावर संपवलं, पण कथा सांगणारा त्याचा मित्र वॉटसन तिथे नव्हता. त्याला नंतर दिसतात कड्याकडे गेलेल्या पावलांच्या दोन रांगा, परतीची एकही नाही, आणि एक चिठ्ठी. प्रेत नाहीच. म्हणून तर १९०३ मध्ये होम्स 'वरच्या कपारीत चढून बसलो होतो' असं सांगत परत येऊ शकला. त्याआधी बास्करव्हिल्सची कादंबरी आली, तीही मृत्यूपूर्वीच्या काळात घडणारी. ही वाट तर कायम मोकळीच असते.

मागचं_पान: पण शत्रू ऐनवेळी आणू नका. मोरियार्टी त्या शेवटच्या कथेतच पहिल्यांदा येतो आणि वॉटसन म्हणतो, हे नाव कधी ऐकलं नाही. पुढे 'व्हॅली ऑफ फिअर' त्याआधीच्या काळात घडवली, तर तिथे वॉटसनला मोरियार्टी चांगला ठाऊक! आधीच्या दोन-तीन कथांत शत्रूच्या कारवाया नाव न घेता पेरा. कुठल्या कथेत कुणाला काय माहीत आहे, याची वही ठेवा.

शाईदौत: अगदी. आणि दार कायमचं लावायचं असेल तर अगाथा क्रिस्तीबाईंसारखं शेवटचं पुस्तक आधीच लिहून ठेवा. त्यांच्या पोयरो या गुप्तहेराचा शेवट करणारं 'कर्टन' दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवलं, छापलं १९७५ मध्ये. हात जोरात चालत असताना लिहिलेलं आहे, ते जाणवतं; त्यांची १९७० नंतरची पुस्तकं फार सैल आहेत. धोका असा की मधल्या तीस वर्षांतलं काहीच त्यात येऊ शकत नाही. त्यावर तोड म्हणजे स्थळ आणि निवेदक पहिल्याच कादंबरीतले घेतले, स्टाइल्सचं घर आणि पोयरोचा मित्र हेस्टिंग्ज. मधल्या पुस्तकांची फारशी गरजच उरली नाही.

कोरा_कागद: पण माझा नायक स्वतःच बोलतो. तो मेल्यावर सांगणार कोण?

मागचं_पान: शेवटचं प्रकरण दुसऱ्याच्या तोंडी द्या. नाहीतर निवृत्त करा. ससेक्समध्ये मधमाश्या पाळणारा होम्स 'लायन्स मेन' (१९२६) ही कथा स्वतःच सांगतो, वॉटसनशिवाय. फक्त निवृत्तीचं गाव आणि साल आधीच्या एखाद्या कथेत ओझरतं येऊ द्या.