गाव महापालिकेत गेलं, आता घरातल्या मसाल्याच्या धंद्याचं काय करू?

मांजरीची माई

नमस्कार. मी मांजरी बुद्रुकची. १४ वर्षं घरीच मसाले करते. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. दोन गुंठ्यांवर आमचं घर. पुढं पडवी होती, ती २०१९ ला बांधून घेतली, १० बाय १२ ची खोली झाली, तिला शटर लावलं. आत दोन एचपीचा पल्व्हरायझर म्हणजे मसाला दळायचं मशीन, वजनकाटा, पाकिटं सील करायचं मशीन. मागच्या तीन खोल्यांत आम्ही पाच माणसं. फेब्रुवारी ते मे गल्लीतल्या तीन बायका कामाला येतात. त्या चार महिन्यांच्या पैशावर त्यांच्या पोरांच्या शाळेच्या फिया भरल्या जातात, म्हणून हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आमचं गाव. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला आनंद झाला होता. पाणी येईल, ड्रेनेज होईल, रस्ता होईल. आणि गिऱ्हाईक तर वाढलंच. शेजारी सोसायट्या उभ्या राहिल्या, तिथल्या बायका दिवाळीला भाजणी आमच्याकडूनच नेतात. पण त्याच सोसायटीतून आता मिरची भाजायला घेतली की तक्रार येते. पूर्वी अख्खी गल्लीच मिरच्या भाजायची, ठसका सगळ्यांना लागायचा, कुणी काही बोलत नव्हतं. त्यांचंही बरोबर आहे. तान्ही बाळं आहेत घरात. मी आता पहाटे पाचला भाजून मोकळी होते.

खरी अडचण कागदाची आहे. ग्रामपंचायतीत असताना घरपट्टी वर्षाला १,८०० च्या आसपास होती. घर एक, नमुना आठ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) एक, पावती एक. आता मोजणीत पुढची खोली बिगरनिवासी लागली. चूक कुणाची म्हणत नाही, शटर दिसतंय, मशीन दिसतंय. पण ती एकटी खोली मागच्या तिन्ही खोल्यांपेक्षा जास्त कर खाते.

दुसरं, रोस्टर, म्हणजे मसाला भाजायचं मशीन, घ्यायचा म्हणून बँकेत कर्जाचं विचारलं. तर म्हणाले, ताई, तुमचं आता शहर झालं, अनुदानाचा आकडा बदलला. आणि आमचा बचत गट ‘उमेद’मध्ये, म्हणजे ग्रामीण बचत गटांच्या सरकारी अभियानात होता, तो ग्रामीण यादीतून निघाला. वर्षातून दोन प्रदर्शनांत स्टॉल मिळायचा, तो गेला.

एकजण सुचवतोय की शटर काढून साधा दरवाजा लावा, मशीन मागं सरकवा आणि निवासी म्हणून लिहून द्या. मला खोटं लिहून द्यायचं नाही. धंदा करते, चोरी नाही करत. पण मग सरळ मार्गानं काय काय करता येतं? लाइटचं मीटर कमर्शियल करून घ्यावं लागतं का? शॉप ॲक्ट नवा काढायचा का? ज्यांची गावं आमच्याआधी गेली त्यांनी सांगा.

धायरीकर

माई, आमची धायरी २०१७ च्या ऑक्टोबरात ११ गावांबरोबर गेली. माझं घराच्या बाजूला शेडमध्ये ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशन. त्यामुळे तुमच्या पुढं चार वर्षं मी हेच पाहिलंय.

पहिलं म्हणजे टप्पे समजून घ्या. गाव आत आल्यावर पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्याच दरानं कर, मग दरवर्षी २०-२० टक्के चढवत पूर्ण दराला नेतात. आम्हाला पहिली दोन वर्षं बिल पाहून वाटलं, एवढंच तर आहे. तेव्हाच पुढचा हिशेब मांडला असता तर मालाचे दर हळूहळू वाढवता आले असते. मी एकदम वाढवले आणि जुनी गिऱ्हाइकं तुटली. मधल्या काळात लोकांनी ओरड केली आणि २०२४ मध्ये शासनानं समाविष्ट गावांतल्या करवसुलीला स्थगितीही दिली. पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे. ज्यांनी तसं धरलं त्यांच्या डोक्यावर आकडा तसाच उभा आहे. महापालिकेच्या थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, हे ध्यानात असू द्या.

दुसरं, तुमच्या मागच्या तीन खोल्या. स्वतः राहत असाल तर निवासी भागाला ४० टक्के सवलत आहे, पण ती घ्यायला पीटी-३ चा अर्ज भरावा लागतो. मी भरलाच नव्हता. मला वाटायचं शेड आहे म्हणजे आपल्याला सवलत नाही. तसं नसतं. शेड वेगळं, घर वेगळं. माझ्या या अडाणीपणात दोन वर्षांचे पैसे गेले. तुम्ही आधी बिल काढून बघा, निवासी भागाला सवलत लागली आहे का. राहत असल्याचा पुरावा लागतो, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड असं काहीतरी.

आणि शटरचं म्हणाल तर काढू नका. पण खोलीत किती भागात धंदा आणि किती भागात घरचं सामान, ते टेपनं मोजा. माझ्या शेडला लागून न्हाणीघर होतं, तेही बिगरनिवासीत धरलं गेलं होतं. अर्ज केला, फेरमोजणी झाली, निघालं.

कागदपत्रंवाला

मी छोट्या धंद्यांची कागदपत्रं करून देतो, रोज असे चार लोक येतात. एकेक सांगतो.

शॉप ॲक्ट: गाव महापालिकेत गेलं म्हणून काही नवं काढायचं नाही. २०१७ च्या कायद्यात तीन-चार माणसांच्या धंद्याला नोंदणी दाखला लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. ते काम कामगार खात्याचं आहे. पत्ता ग्रामपंचायतीचा असेल तर बदलून घ्या. उद्यम नोंदणीतही (छोट्या उद्योगांची केंद्राची नोंदणी) पत्ता दुरुस्त करा, ती फुकट असते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

वीज: इथं तुमच्या बाजूनं नियम आहे आणि बहुतेकांना तो माहीत नसतो. राहत्या घराच्या एका भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर महावितरणचा घरगुती दरच लागतो. वर्षभराची बिलं काढून बेरीज करा.

फलक: शटरवर मोठा बोर्ड लावायचा विचार असेल तर आधी आकाशचिन्ह व परवाना विभागात विचारा. ग्रामपंचायतीत असताना कुणी विचारत नव्हतं, आता फी भरावी लागते.

अनुदान: बँकेनं सांगितलं ते पीएमईजीपीबद्दल असणार, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना. महिलांना ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के. १० लाखांच्या प्रकल्पात हा फरक एक लाखाचा होतो. गावात असताना अर्ज केला असता तर, असं आता म्हणून उपयोग नाही. पण ताई, तुमचं उत्पादन अन्नप्रक्रियेतलं आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख, आणि तिथं शहर-खेडं हा भेद नाही. अर्ज कृषी खात्यामार्फत जातो. शहरातली माणसं कृषी खात्याच्या दारात जातच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय. धायरीकरांचं फॅब्रिकेशन मात्र यात बसत नाही.

बचत गटासाठी महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे वेगळी नोंद करावी लागते. जुना गट आपोआप तिकडं जात नाही.

फुरसुंगीची शिलाई

मी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. आमच्या गावाची गोष्ट अजून वेगळी. २०१७ ला आत गेलो. कर चढला तसे आमच्याकडचे गोडाऊनवाले, दुकानदार, शेतकरी सगळे एकत्र आले. कचरा डेपो आमच्या उरुळी देवाचीच्या उशाला आणि कर शहराचा, हे लोकांना सहन होईना. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही गावं बाहेर काढायची घोषणा झाली, प्रत्यक्ष अधिसूचना निघाली २०२४ च्या सप्टेंबरात. आता आमची स्वतंत्र नगरपरिषद.

माई, बाहेर पडून सगळं सुटलं असं समजू नका. माझ्याकडं ग्रामपंचायतीची पावती आहे, महापालिकेचं बिल आहे. सात वर्षांत एकाच घराला तीन दप्तरं. कर्जाच्या फाईलला कुठला कागद लावायचा हे बघण्यात माझा एक महिना गेला. जुना नमुना आठ टाकून देऊ नका. पिशवीत घालून कपाटात ठेवा.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. सरपंचाला आपण रस्त्यात थांबवून विचारत होतो. २०२२ च्या मार्चपासून २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होता, म्हणजे तेवढी वर्षं तुमच्या २३ गावांना सरपंचही नव्हता आणि तुमचा असा नगरसेवकही नव्हता. बाईमाणसानं घर-धंदा सांभाळून विचारायला जायचं होतं कुठं? कर भरायला आमची ना नाही, पण प्रश्न ऐकायला समोर एक माणूस तर हवा.

मांजरीची माई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला घेऊन बसले आणि बारा महिन्यांची लाइट बिलं मांडली. वर्षाचे २,९४० युनिट झाले. फक्त एप्रिलात ३४० गेले, तेवढा एकच महिना ३०० च्या वर. पुढच्या हंगामात निम्मी मिरची आमच्या ओळखीच्या डंकावर कुटून आणणार, म्हणजे तोही आत राहील. डंकावरचा मसाला तसाही जास्त चांगला लागतो, मशीन तापलं की मिरचीचा वास उडतो.

पीटी-३ भरलेला नाही, बिलावर सवलत दिसत नाही. आणि टेप लावल्यावर कळलं की पुढच्या खोलीत भिंतीकडचा चार फुटांचा भाग सासूबाईंचा देव्हारा आणि पलंग आहे. त्या तिथंच झोपतात. तो भाग धंद्यात कसा धरायचा? सोमवारी हडपसरच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देते, सोबत फोटो जोडते. कृषी खात्यात मंगळवारी.

शटर राहू दे. ते मी माझ्या पैशानं लावलंय.

शिलाईवाल्या ताई, मला चार ॲप्रन आणि चार डोक्याच्या टोप्या हव्यात, पांढऱ्या, जाड सुती कापडाच्या. किती घ्याल ते कळवा.