मदत हवी आहे: यकृतपेशींत उरलेल्या मूळपेशी कशा ओळखाव्यात?

आम्ही आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींपासून बनवलेल्या, कुठल्याही पेशीत बदलू शकणाऱ्या मूळपेशी) यकृतपेशी तयार करतो. रूपांतर न झालेल्या थोड्या पेशी जरी उरल्या तरी टेराटोमाची (मूळपेशींपासून होणारी गाठ) भीती, त्यामुळे इथे तडजोड करायची नाही.

फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेझरने तपासण्याची पद्धत) ट्रा-१-६० ही मूळपेशींच्या पृष्ठभागावरची खूण पाहिली, ०.१ टक्क्याच्या खाली भरवसा वाटत नाही. मग लिन२८ए या मूळपेशींत सक्रिय असणाऱ्या जनुकावर डिजिटल पीसीआर (आरएनएच्या प्रती मोजण्याची चाचणी) केला, तर शुद्ध यकृतपेशींतूनही हलका सिग्नल येतो. आरएनएमध्ये डीएनएची भेसळ नाही, पाण्याचा कंट्रोलही (नमुन्याऐवजी पाणी घालून केलेली तपासणी) स्वच्छ आहे. मुद्दाम मिसळलेल्या आयपीएस पेशी १ लाखात १ इतक्या कमी असल्या तरी सापडायला हव्यात. उंदरांवरच्या चाचणीला महिने लागतात. आम्हाला दोन दिवसांत निकाल हवा.

यकृतपेशींत ईएसआरजी मार्कर (मूळपेशी ओळखण्यासाठीचं आणखी एक जनुक) कुणी वापरलाय का, आणि मिसळ नसलेल्या नमुन्यात त्याचा सिग्नल किती आला?